कात्री लागायच्या आत

पत्र

काकू, मी न्यू जर्सीत बारावीला, म्हणजे सीनियर आहे. सातवीपर्यंत ठाण्यात शिकले, मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. गेल्या वर्षी ज्युनियर प्रॉमला (अकरावीच्या मुलांचा शाळेतर्फे होणारा नाच-जेवणाचा समारंभ) जायला बाबा नाहीच म्हणत होते. आईने महिनाभर त्यांच्याशी वाद घातला, तेव्हा कुठे हो म्हणाले. ज्या मुलाने मला विचारलं होतं (पोस्टर घेऊन दारात आला होता, अगदी साग्रसंगीत), तो जेवण झाल्यावर उठून दुसऱ्या टेबलावर गेला तो परत आलाच नाही. त्याच्या आधीच्या मैत्रिणीबरोबर नाचत होता. आमच्या ग्रुपमध्ये बाकी सगळ्या जोड्याच होत्या. मी थोडा वेळ वॉशरूममध्ये आणि मग लॉबीतल्या सोफ्यावर, असे दोन तास काढले. घरी आले तर आई जागी. "कसं झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, "मस्त!" तिचा चेहरा इतका खुलला की अजून थोडं रचून सांगितलं. आता निघतानाचा फोटो हॉलमध्ये लावलाय आणि आलेल्या प्रत्येकाला आई माझ्या प्रॉमची गोष्ट सांगते. मी रचलेली.

या जूनमध्ये सीनियर प्रॉम आहे. मला जायचं नाही. पण आईने तिची लग्नातली पैठणी गाउन शिवायला ठाण्याला मावशीकडे पाठवली आहे. पाडव्याचा मुहूर्त धरून शिवायला टाकणार आहेत. खरं सांगितलं तर बाबा म्हणतील, "मी सांगतच होतो." आणि मला कॉलेजला डॉर्ममध्ये (तिथल्या हॉस्टेलवर) राहायचंय, त्यालाही मग नाहीच. गप्प बसून जाऊन येऊ का? चार तासांचा तर प्रश्न आहे.

– सोफ्यावरची

उत्तर

अगं सोफ्यावरची,

आधी पैठणीचं बोलू. बाकी सगळ्याला जूनपर्यंत वेळ आहे, तिला फक्त पाडव्यापर्यंत. एकदा कापलेल्या पैठणीची पुन्हा साडी होत नाही. काठ उसवून कमरेला जाणार, पदरावरचे मोर पाठीवर नाहीतर घेरात, आणि उरलेल्या तुकड्यांचे बटवे किती होतील याचा हिशोब तुझ्या मावशीने मनातल्या मनात मांडलाही असेल. लग्नातली साडी कापायला देणं कुठल्याही बाईला सोपं नसतं. तुझ्या आईने ती दिली, कारण गेल्या वर्षीची ती रात्र तिच्या लेकीच्या आयुष्यातली फार सुंदर रात्र होती असं तिला वाटतं. म्हणजे कात्री चालणार ती तू रचलेल्या गोष्टीच्या भरवशावर. म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. गप्प बसून जाऊन येऊ नकोस. प्रॉमला जायचं की नाही ते सावकाश ठरव. आईला मात्र पाडव्याच्या आत सांग.

चार तासांचा तर प्रश्न, म्हणतेस. गेल्या वर्षीही चारच तास होते ना? मग ते तुमच्या हॉलमधल्या भिंतीवर अजून का चालू आहेत?

आता त्या सोफ्याबद्दल. तिथे बसलेली तू पहिली नव्हेस. इथल्या कुठल्याही बँक्वेट हॉलमध्ये प्रॉमच्या रात्री लॉबीत एक चक्कर मार, दोन-तीन मुली आणि एखादा टाय सैल केलेला मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसलेला सापडेलच. त्या संध्याकाळची मांडणीच अशी असते. सगळं जोडीच्या हिशोबाने. लिमोतल्या जागा जोडीने वाटलेल्या, टेबलावरची नावं जोडीने, मनगटावरच्या कोर्साजचा, म्हणजे फुलांच्या गुच्छाचा, रंग समोरच्याच्या टायला जुळवलेला. त्यातला एक जण उठून गेला की दुसऱ्याला बसायला खुर्ची असते, पण जागा नसते. गंमत बघ, याच हॉलमध्ये आपल्या मुंजी होतात, संगीत होतं, मंडळाची दिवाळी होते. तिथे कधी कोणी दोन तास सोफ्यावर एकटं बसलेलं पाहिलंयस? पाच मिनिटांत कोणीतरी काकू येऊन विचारतेच, "जेवलीस का गं? अशी का बसलीस? कुणाची तू?" एरवी या प्रश्नांचा तुम्हा मुलांना वैताग येतो, मला ठाऊक आहे. प्रॉमला ही काकू नसते. शिक्षक असतात, पण त्यांचं लक्ष कोण पिऊन आलंय आणि कोण मागच्या दाराने सटकतंय याकडे. शांतपणे बसलेली मुलगी त्यांच्या हिशोबी सगळ्यात कमी त्रासाची.

त्या मुलाबद्दल दोनच वाक्यं लिहिते, जास्त लायकीचा तो नाही. सतरा वर्षांचा मुलगा उद्धटपणे वागला. त्यावरून तू कशी दिसत होतीस, कशी नाचत होतीस, काय कमी पडलं, याचा शोध घेत बसू नकोस.

तुझ्या पत्रात मला खरं टोचलं ते वेगळंच. दोन तास तू आईला फोन केला नाहीस. आणि का केला नाहीस तेही तूच लिहिलं आहेस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही. महिनाभर तिने तुझ्यासाठी किल्ला लढवला. जिंकलेल्या किल्ल्यात काहीच नव्हतं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून तू तिला खजिना दाखवलास. तू खोटं बोललीस खरं, पण ते तिच्या कष्टांची परतफेड म्हणून. एवढं स्वतःला माफ करून टाक. फक्त ही उधारी आता पैठणीपर्यंत पोचली आहे, तिला इथेच थांबव.

माझ्या घरचं सांगते. माझा मुलगा बारावीत होता तेव्हा त्याला प्रॉमला जायचंच नव्हतं. मीच त्याच्या मागे लागले. आम्ही नव्वदीत इकडे आलेले, 'मुलांनी इथल्यांसारखं सगळं करावं' याचा मला भारी सोस. टक्सिडो भाड्याने आणला, बुटं भाड्याने आणली, ड्राइव्हवेत उभं करून चाळीसेक फोटो काढले आणि पुण्याला सासूबाईंना पाठवले. रात्री साडेअकराला स्वारी घरी आली. "छान झालं," म्हणाला आणि झोपायला गेला. मी सहा वर्षं तो फोटो फ्रिजवर मिरवला. मग एकदा दिवाळीत, बहिणीशी बोलताना त्याच्या तोंडून निघालं. तो आणि त्याचा एक मित्र हॉलवर गेलेच नव्हते. हायवेवरच्या डायनरमध्ये टक्सिडो घालून बसले, चीज आणि ग्रेव्ही ओतलेल्या डिस्को फ्राइज खाल्ल्या आणि वेळ झाल्यावर घरी आले. त्या रात्रीचा डिस्को म्हणजे तेवढाच.

मला राग आला का? आला. तिकिटाचा, टक्सिडोचा, सगळ्याचाच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर जे जाणवलं ते रागापेक्षा वाईट होतं. सहा वर्षं मी ज्या मुलाच्या गोष्टी लोकांना सांगत होते, तो मुलगा नव्हताच. खरा जो होता, तो माझ्या धाकाने डायनरमध्ये बसला होता, आणि मला त्याच्याशी त्याबद्दल एक शब्दही बोलता आला नव्हता. तुझी आई आत्ता दहाच महिने मागे आहे. सहा वर्षं होऊ देऊ नकोस.

या फोटोंचं एक लक्षात आलंय का तुझ्या? घराघरांत लावलेले प्रॉमचे फोटो बहुतेक प्रॉम सुरू व्हायच्या आधीचे असतात. ड्राइव्हवेत नाहीतर कुणाच्या तरी हिरवळीवर, ऊन उतरत असताना, फूल टोचून घेताना हसलेले. आत काय झालं ते त्यात कधीच नसतं. म्हणून आईला हॉलमधला फोटो काढायला लावू नकोस. तो खोटा नाहीच. संध्याकाळी साडेपाचला तू खरोखर खूश होतीस ना? मग राहू दे. बदलायची आहे ती त्याखाली सांगितली जाणारी गोष्ट.

कसं सांगायचं? बाबांसमोर नको, जेवणाच्या टेबलावर नको आणि मेसेजवर तर मुळीच नको. आईबरोबर गाडीत बस. ओक ट्री रोडला भाजी आणायला जाल तेव्हा सांग. गाडीत एक सोय असते, दोघींची नजर रस्त्यावर राहते, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि कोणालाच तणतणत खोलीत निघून जाता येत नाही. सुरुवात पैठणीपासूनच कर. "आई, मावशीला पैठणी कापू नको म्हणून सांग. मला तुला गेल्या वर्षीचं काहीतरी सांगायचंय." एवढं बोललीस की पुढचं आपोआप येईल. जसं मला लिहिलंस तसंच सांग. मुलगा उठून गेला, मी लॉबीत बसले, तुला वाईट वाटेल म्हणून घरी येऊन मस्त झालं म्हटलं. त्यात मीठमसाला घालू नकोस आणि काही वगळूही नकोस. वॉशरूमही सांग. आयांना वॉशरूम बरोबर कळते.

ती आधी गप्प बसेल. मग म्हणेल, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हा प्रश्न ओरडून आला तरी तो राग नसतो, हे माझ्यासारख्या बाईकडून ऐकून ठेव. ती मनात ती रात्र पुन्हा जगत असते आणि आपण दार उघडायला जागे होतो तरी आपल्याला काही दिसलं नाही, याची बोच तिला लागलेली असते. त्या मुलाच्या आईला फोन करते, असंही म्हणेल. तो तेवढा करू देऊ नकोस. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलेल्या गोष्टींचं काय, असं तिच्या मनात आलं तर ते तिचं तिला निस्तरू दे. पाहुण्यांना एवढं काही आठवत नसतं.

आता बाबा. त्यांची परवानगी हा तुझ्या पत्राचा खरा गाभा आहे. प्रॉम नुसतं निमित्त, तुला डॉर्म हवंय. "मी सांगतच होतो" हे वाक्य ते म्हणतील, यात मला शंका नाही. म्हणू देत. मग त्यांना शांतपणे विचार, तुम्हाला नेमकी कशाची भीती होती? दारूची, गाडीची, मुलांची, उशिरा येण्याची. यातलं काय झालं? काहीच नाही. तू प्यायली नाहीस, कुणाच्या गाडीत बसून कुठे गेली नाहीस, वेळेत घरी आलीस. बिचारी सोफ्यावर बसून होतीस. त्यांची भीती खरी ठरली नाही, तुझी संध्याकाळ वाईट गेली. या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पण एका बाबतीत त्यांची बाजू तुझ्यापेक्षा भक्कम आहे, ती आधीच मान्य कर. वाईट वेळ आल्यावर तू फोन केला नाहीस. मुलीला डॉर्मवर पाठवताना बापाच्या पोटात गोळा येतो तो नेमका याचाच. तिथे काही बिनसलं आणि ही "मस्त" म्हणाली तर? म्हणून म्हणते, सत्य लपवून डॉर्म मिळेल हा तुझा हिशोब चुकतोय. खरं सांगितलंस तर निदान असं म्हणता येईल, "बाबा, तेव्हा फोन केला नाही, ती माझी चूक. पुढे करीन." त्यावर ते लगेच पाघळतील असं वचन मी देत नाही. एखादा आठवडा घुश्शात जाईल. माझे यजमान तीन आठवडे काढायचे.

आता जायचं की नाही. तुझी आई बहुधा म्हणत असेल, "इथली पद्धत आहे, एकदाच येतं, नंतर वाटेल जायला हवं होतं." या पद्धतीबद्दल थोडं सांगते, म्हणजे तिचं दडपण उतरेल. प्रॉम हा शब्द प्रॉमनाड, म्हणजे नटूनथटून मिरवत चालणं, यावरून आला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या कॉलेजांमध्ये हे नाच सुरू झाले, हायस्कुलात ते विसाव्या शतकात उतरले. थाट वाढत वाढत गेला. ३१ मे १९७५ला अध्यक्ष फोर्ड यांच्या मुलीच्या वर्गाचं प्रॉम तर व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झालं. पण याच पद्धतीत जॉर्जिया राज्यातल्या टर्नर काउंटीच्या हायस्कूलमध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांचं एकत्र प्रॉम पहिल्यांदा झालं ते २००७मध्ये. विल्कॉक्स काउंटीत तर २०१३मध्ये मुलांनीच पुढाकार घेऊन एकत्र प्रॉम भरवलं. २०१०मध्ये मिसिसिपीतल्या एका मुलीला आपल्या मैत्रिणीला जोडीदार म्हणून न्यायचं होतं, टक्सिडो घालून. तर शिक्षण मंडळाने प्रॉमच रद्द केलं. पुढे तिला ज्या कार्यक्रमाला बोलावलं तिथे मोजकीच मुलं आली होती, बाकीचा वर्ग दुसरीकडे जमला होता. ती कोर्टात गेली होती, शेवटी मंडळाला ३५,००० डॉलर भरपाई देऊन तडजोड करावी लागली. हे सगळं तुझ्या सोफ्याच्या मापाचं नाही, मला कळतं. पण या एका रात्री आपल्याला आत धरलंय की बाहेर, हा प्रश्न तुझ्याआधी पुष्कळ जणांना पडला आहे. तेव्हा 'सगळेच जातात, सगळ्यांनाच आवडतं' हे आईला कोणी सांगितलं असेल तर ते बरोबर नाही. कितीतरी मुलं जात नाहीत. कुणाची त्या रात्री दुकानात पाळी असते, कुणाला तिकीट, कपडे, लिमो परवडत नाही, कुणाला नुसता कंटाळा.

नसेल जायचं तर जाऊ नकोस. फक्त मैत्रिणींना तिकिटं काढायच्या आधी सांग, आयत्या वेळी टेबलाचा हिशोब बिघडवू नकोस.

पण पत्रात तू 'मला जायचं नाही' लिहिलंस, 'मला प्रॉम आवडत नाही' असं नाही. यातला फरक तुझा तू तपासून बघ. आईला सांगून झाल्यावर, डोक्यावरचं ओझं उतरल्यावर, कदाचित जावंसंही वाटेल. तसं वाटलं तर जोडीने जाऊ नकोस. एकटीचं तिकीट काढ आणि ज्यांच्याबरोबर एरवी कॅफेटेरियात जेवतेस त्या दोघी-तिघींच्या टेबलावर बस. आता असं जाणाऱ्या मुली पुष्कळ असतात, कोणी वळून बघत नाही. लिमोत वाटा घेऊ नकोस, कारण लिमोतून तुला हवं तेव्हा परत येता येत नाही. परतीला बाबांना बोलव. तसंही न्यू जर्सीत तुमच्या वयाच्या मुलांच्या प्रोबेशनरी लायसन्सवर रात्री अकरानंतर गाडी चालवता येत नाही आणि बाहेरचा माणूस एकच बसवता येतो, तेव्हा कुणाच्या तरी आईबापाला यावं लागणारच. ते तुझे असू देत. ठरवून टाका, मेसेजमध्ये नुसतं 'चहा' लिहिलंस की त्यांनी निघायचं, काही विचारायचं नाही. साडेनऊला लिहावंसं वाटलं तर साडेनऊला लिही. हॉलवर वाट बघणारा बाप आणि फोन करणारी मुलगी, डॉर्मच्या बोलण्याला एवढी एक रात्र पुरेशी साक्ष आहे. दुसऱ्या दिवशी समुद्रकाठी सीसाइड हाइट्स नाहीतर वाइल्डवुडला घर भाड्याने घेऊन राहायचे बेत होतात, त्यात मात्र या वर्षी पडू नकोस. तिथे बाबा येऊ शकणार नाहीत आणि त्या घरांमध्ये काय चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि बूट. नाचता येतील असेच घाल. काही हॉलमध्ये दाराशी टोपलीत फ्लिप-फ्लॉप ठेवलेल्या असतात, बघितल्या असशील. त्या दुखऱ्या पायांच्या मुलींसाठीच असतात, लाजायचं नाही.

राहिली पैठणी. तिच्यात नाचता येणार नाही असं कोणी म्हटलं तर मंडळाच्या गणपतीत नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या बायका आठव. मनात आलं तर तशीच साडी नेसून जा, आई नेसवेल. तो अर्धा तास दोघींना मिळेल, आणि या वर्षी तिला खरं काय ते माहीत असेल. नाही मनात आलं तर पैठणी परत घडी घालून कपाटात. गाउनच हवा असेल तर पैठणीचे काठ लावलेलं कापड वारावर मिळतं, मावशीला सांगायचं फक्त.

आता पंचांग बघून पाडवा कधी आहे ते काढ आणि त्याच्या आधीच्या शनिवारी आईबरोबर भाजीला जा. परत आल्यावर मावशीला फोन लावा. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले की ठाण्यात सकाळचे आठ होतात. शिवणवाल्या बाईंचं दुकान तेव्हा उघडलेलं नसतं.

– काकू